कॅमेऱ्याची लाल जीभ

४ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

फोनवर तू ‘कशी आहेस’ म्हणतेस, मी ‘बरी’ म्हणते, मग तू नाक ओढायला लागतेस आणि मी गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून फोन ठेवते. गॅसवर काही नसतं, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा आता पत्र. पत्रात ओढलेलं नाक ऐकू येत नाही.

सोबतच्या खोक्यात तुझ्या दादाचा कॅमेरा आहे. काळ्या अस्तराच्या तीन घड्या, त्यावर काळी उशीची खोळ, त्यावर खोकं. वाट्टेल तसं उघडू नकोस, आत त्याचा अर्धा रोल आहे. आधी अंधार कर. तुला आठवत असेल, लग्नानंतर पहिल्याच वर्षी ‘आत काय असतं बघू’ म्हणून मी भर दुपारी त्याचं मागचं झाकण उघडलं आणि अख्खा रोल गेला. स्वारी रागावली नाही, नुसती दिवसभर प्लंबिंगचे पान्हे पुसत बसली. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला की या वस्तूला उजेड म्हणून दाखवायचा नाही. तो गेल्यापासूनचं दीड वर्ष ती कपाटात, थंडीच्या कपड्यांच्या मागे होती.

मागच्या आठवड्यात बाहेर काढली. पडदे ओढले, दार लावलं, डोळ्याला लावली आणि बटण दाबलं. तर ते दाबलंच जाईना. उलट आतल्या खिडकीत एक लाल जीभ वर आली. मला वेडावून दाखवत होती. रोज संध्याकाळी करून पाहिलं, रोज तीच जीभ. दुकानात कुणी ‘अजून झाला नाही का हो ड्रेस?’ म्हणालं की मलाही अगदी असंच करावंसं वाटायचं. असो. कॅमेरा मेला आहे. तुझ्याकडे आठवण म्हणून राहू दे.

आता दुसरं. दुकानाची किल्ली मार्चअखेर मालकाला परत द्यायची ठरवलं आहे. तो परगावी असतो, ३१ तारखेला स्वतः येऊन घेणार आहे. यावर वाद घालू नकोस. मशीन झाकून ठेवलं आहे, कात्र्यांना तेल दिलं आहे. गिऱ्हाइकांचं सगळं ज्याचं त्याला गेलं. माझं देणं राहिलेलं नाही, पण तुझ्या दादाचं एक राहिलं आहे. त्याच्या अवजारांच्या पिशवीत एक नवाकोरा नळ निघाला. बदकासारखी लांब वाकडी मान आहे, भारीतला आहे, कुणीतरी मुद्दाम मागवलेला दिसतो. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारून झालं. कुणाचाच नाही. ज्याचा असेल त्याच्या हातात पडला की मी मोकळी.

तुझी,
वहिनी

*

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

वाद घालू नकोस म्हणालीस म्हणून घालत नाही. नुसतं सांगते की तुझं डोकं फिरलं आहे. वीस-बावीस वर्षांचं दुकान! माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा युनिफॉर्म कोण शिवणार? मागच्या वेळी इथल्या माणसाने शर्ट शिवला, तर स्टिअरिंग वळवताना काखेत उसवला आणि शिकायला बसलेला माणूस आवाजाला घाबरून फुटपाथवर चढला.

बरं, आता कॅमेरा. तुझी सूचना मी तंतोतंत पाळली. बाथरूमचा दिवा बंद केला, दाराच्या फटीला टॉवेल लावला, आणि चाचपडत तुझं अस्तर सोडलं. टाचण्या कशाला लावल्या होत्यास ग? बोटातून रक्त आलं. मग अंधारात डोळ्याला लावला, बटण दाबलं, लाल जीभ. मीही ठरवलं, मेला. बाहेर घरचे विचारतायत, ‘आत बसून काय चाललंय तुझं?’

तरी एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. जिन्याखाली त्याची टपरीएवढी जागा आहे. त्यालाही म्हटलं, दिवा घालवा, आत रोल आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, कॅमेरा उचलला, दाराबाहेर उन्हात गेला आणि समोरच्या उभ्या रिक्षाकडे रोखून बटण दाबलं. खट्. असा गोड आवाज आला की मी काउंटरला धरूनच उभी राहिले.

वहिनी, उजेड फक्त आतल्या फिल्मला लागायचा नाही, झाकण बंद असलं की झालं. कॅमेऱ्याला उजेड लागतोच! त्याच्या भिंगाभोवती ती मधाच्या पोळ्यासारखी बारीक कण्यांची काच आहे ना, तो त्याचा डोळा. त्यात बॅटरी नाही, काही नाही. बाहेरच्या उजेडावरच तो चालतो, उजेड किती आहे ते स्वतः मोजतो आणि किती आत घ्यायचा तेही स्वतः ठरवतो. उजेड पुरेसा नसला तर जीभ काढतो आणि बटण अडवून धरतो, म्हणजे फिल्म फुकट जायला नको. आणि आपण दोघी शहाण्या त्याला काळोखात कोंडून ‘मेला, मेला’ करत बसलो होतो. दुरुस्तीवाला इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

आता नीट ऐक. कॅमेरा मी परत पाठवते आहे, कारण दुरुस्तीवाल्याने एक मोठी पथ्याची गोष्ट सांगितली. दीड वर्ष अंधारात राहून या डोळ्याची ताकद गेली आहे. त्याला व्यायाम पाहिजे. रोज सकाळी बाहेर न्यायचा, चांगलं अर्धा-पाऊण तास ऊन दाखवायचं, तेही एका जागी उभं राहून नाही तर चालत, कारण निरनिराळा उजेड लागतो. आणि दिवसाला एकच फोटो. जास्त काढले तर डोळा दमतो आणि आतले दादाचे फोटोही बिघडू शकतात. असं करत रोल संपवायचा. मग आतल्या आत गुंडाळून घ्यायचा, कसा ते खोक्यातल्या चिठ्ठीत लिहिलं आहे, आणि माझ्याकडे पाठवायचा, धुऊन घेते. मला हे जमलं नसतं, माझी सकाळ गाडीत जाते.

आत दादाने काय काढून ठेवलं असेल ग? त्याचा एखादा फोटो निघाला तर? कुणी त्याच्या हातातून कॅमेरा घेऊन त्याचा काढला असेल, एखाद्या गिऱ्हाइकाने, कुणीही. माझ्याकडे त्याचा शेवटचा फोटो लायसन्सवरचा आहे, आणि त्यात तो पकडल्या गेलेल्या माणसासारखा दिसतो.

तुझी एकुलती एक, म्हणून सहन करण्याजोगी,
नणंद

*

२४ फेब्रुवारी

नणंदबाई,

तुझ्या दुरुस्तीवाल्याला माझा नमस्कार सांग आणि विचार, कॅमेऱ्याला पथ्य आणि चालायला मी, हे कुठलं औषध? पण दादाचे फोटो बिघडतील म्हणालीस, तिथे माझी डाळ शिजली नाही. गेले.

पहिल्या दिवशी गळ्यात कॅमेरा आणि वर ओढणी घेऊन निघाले. गल्लीच्या टोकाला लक्षात आलं की ऊन दाखवायला आणलेली वस्तू मी झाकून चालले आहे. ओढणी काढली. वाटेत केशकर्तनालयवाला भेटला. ‘बऱ्याच दिवसांनी!’ म्हणाला. मग फार्मसीवाली म्हणाली. मग ब्रेडवाला म्हणाला. इतक्या जणांना बऱ्याच दिवसांनी भेटायचं म्हणजे माणूस थकून जातं.

फोटो कशाचा काढावा कळेना. शेवटी एक गृहस्थ बसची वाट पाहत उभे होते. त्यांच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा चांगली बोटभर लांब. इतकं वाईट काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खट्. त्यांनी विचारलं, ‘माझा का काढला?’ मी खरं ते सांगितलं. ते आधी चिडले, मग दोन्ही हात पुढे करून पाहिले, मग म्हणाले, ‘बायको बारा महिने म्हणतेय, मी म्हणायचो माझा हातच तसा आहे.’

जीभ त्यानंतर एकदाच आली, जिन्यात. पण आता तिचा राग येत नाही. उजेड कमी आहे, एवढंच म्हणते बिचारी.

कोपऱ्यावरच्या पासपोर्ट फोटोवाल्याने परवा हाक मारून कॅमेरा पाहायला घेतला. बरंच बोलला. फिल्म धुण्याचं काम आता त्याच्याकडे होत नाही, सगळं कॉम्प्युटरवर. म्हणजे रोल तुलाच पाठवावा लागणार.

नळाचा मालक अजून सापडला नाही. ‘गळक्या’ आला होता. तुला आठवतो ना? तुझ्या दादाचा धंद्यातला जानी दुश्मन, ज्याच्या प्रत्येक जॉइंटखाली बादली ठेवावी लागते असं दादा म्हणायचा. तो अवजारं विकत मागत होता. नळ दाखवला तर हातात फिरवून म्हणाला, ‘हा घरातला नाही. एवढी उंच मान म्हणजे खाली भांडं, कॅन असलं काहीतरी ठेवायचं असणार.’ मग जाता जाता म्हणाला, ‘वहिनी, तुमच्या दुकानात मात्र नळ नाही तो नाहीच, अं?’ दात काढत होता.

ते सगळं गाव म्हणायचंच. गावभर नळ बसवतो आणि बायको इस्त्रीला पाणी घरून आणते! मी सांगून सांगून हात टेकले. ‘करतो, करतो,’ म्हणायचा, आणि दुपारी सायकलला कॅन अडकवून पाणी घेऊन स्वतः यायचा. चहा करायचा, इस्त्रीत भरायचा, राहिलेलं कुंडीला घालायचा. मी भांडायचे की नळ कर, तो म्हणायचा की मग मी यायला कारण काय?

आता दुपार झाली की मला त्या सायकलची घंटा ऐकू येते. कात्री हातात तशीच राहते. कापड फाडून ठेवण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, म्हणून किल्लीबद्दल पुन्हा विचारू नकोस.

वहिनी

*

४ मार्च

प्रिय वहिनी,

किल्लीबद्दल विचारत नाही. दुपारबद्दलचं तुझं वाचलं आणि गाडी बाजूला घेतली. शिकाऊ बाई म्हणाली, ‘मॅडम, मी काही चुकले का?’ म्हटलं नाही, तू चालव, मीच जरा थांबले आहे.

तू चालतेस हे वाचून मात्र जिवात जीव आला. म्हणजे कॅमेऱ्याच्या तब्येतीच्या दृष्टीने. दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला प्रगती उत्तम आहे. शक्यतो रोज वेगळ्या रस्त्याने नेत जा असंही म्हणाला. बागेतला हिरवा उजेड डोळ्याला फार चांगला. बाकावर थोडं बसवलं तरी हरकत नाही. कुणी बोलायला आलं तर बोलू द्यावं.

आणि कोटवाल्याचं पुढे काय झालं? बाही केलीस की नाही कमी?

गळक्याला अवजारं देऊ नकोस हं. निदान तो मोठा पान्हा तरी नको. लहानपणी दादा त्याने माझ्या तीनचाकीचे नट आवळायचा आणि बिल फाडायचा, खोटं खोटं. एकदा तर ‘सेवा बंद’ अशी पाटी लावून गेला.

हिरव्या भिंतीचं काय करणार आहेस? मालक तसंच दुकान घेईल का? माझा पाय मोडला तेव्हा तू महिनाभर माझ्याकडे होतीस आणि परत जाऊन बघतेस तर दादाने मागची भिंत पोपटी करून ठेवलेली, ते आठवलं की अजून हसू येतं. तुझा तेव्हाचा फोन मी कानापासून हातभर लांब धरला होता.

नणंद

*

१३ मार्च

नणंदबाई,

रोल संपला. चाक पुढे सरकेना, तेव्हा तुझ्या चिठ्ठीप्रमाणे खालचं बटण दाबून वरची छोटी दांडी फिरवत राहिले, हाताला हलकं लागेपर्यंत. तरीही झाकण उघडताना डोळे मिटले. मी डोळे मिटून फिल्मला काय फायदा, पण जुनी सवय. डबी सोबत आहे. हिला मात्र खरोखर उजेड दाखवू नकोस.

कोटवाल्यांची बाही केली, घरी, हाताने. फुकटात नाही, ते ऐकेनात. मग त्यांच्या बायकोची पँट आली. मग बागेतल्या बाकावर भेटणाऱ्या आजोबांचं जाकीट. जेवायच्या टेबलावर खडू आणि टाचण्या झाल्या आहेत, काल आमटीत टाचणी सापडली. हे शेवटचं काम, मग नाही. उगीच आशा लावून घेऊ नकोस.

पोपटी भिंतीची आठवण काढलीस. हो, ओरडले होते मी. त्या रंगापुढे कुठल्याही कापडाचा रंग खरा दिसत नाही, गिऱ्हाईक आरशात आजारी दिसतं. ‘ओल आली होती म्हणून रंगवली,’ म्हणाला. ओल कुठली? ती भिंत ठणठणीत कोरडी होती. वर माझा पिवळा टेपही गेला होता. दुकान लागलं तेव्हापासूनचा टेप, त्याच्यावरचे आकडे पुसले होते तरी बोटांना पाठ होते. ‘तू कुठेतरी पाइप मोजायला नेलास,’ म्हटलं. ‘मी नाही नेला,’ म्हणाला. ‘शपथ घे,’ म्हटलं. घेतली. मी दोन दिवस बोलले नाही. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच तो गेला. भांडण मिटलं होतं, तसं नाही, पण टेपचं प्रकरण तसंच राहिलं. मला अजूनही वाटतं त्यानेच नेला. आता शपथ खोटी म्हणायलाही माणूस नाही समोर.

मालक ३१ ला सकाळीच येतो आहे. नळ तेवढा राहिला. फोटोवाल्याच्या दारावर चिठ्ठी लावली, ‘नळ सापडला आहे, खूण सांगून न्यावा’. एक जण आला, म्हणाला चांदीचा होता का? हाकलला.

वहिनी

*

२४ मार्च

वहिनी,

फोटो आले. पाकीट सोबत आहे. आधी पत्र वाच, मग उघड, नाहीतर माझ्यासारखी अवस्था होईल.

मी गाडीत बसून पाकीट उघडलं. पहिला फोटो, पाइप. भिंत फोडलेली, आत पाइप, शेजारी खडूने बाण. दुसरा, पाइप. तिसरा, दोन पाइप. मी म्हटलं थांब, पुढे येईल. पुढे कुणाच्या तरी मोरीखालचा वाकडा पाइप आला, दोन बाजूंनी काढलेला, जणू तो लग्नाचा मुलगा आहे. मग मला आठवलं. भिंत बंद करायच्या आधी दादा फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या मीटरच्या पेटीत आतून चिकटवून ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कुठे खिळा मारू नये ते कळावं. ‘फोनमधले फोटो बुडतात, कागद चिकटतो,’ म्हणायचा. तेच सगळं. वहिनी, माझ्या भावाने मागे ठेवलेला शेवटचा ठेवा म्हणजे लोकांचे पाइप! मी आधी रडले, मग हसायला लागले, मग दोन्ही. शिकाऊ माणूस काचेवर टकटक करत होता, त्याला म्हटलं आज सुट्टी.

त्याच्यानंतर दुरुस्तीवाल्याची ती रिक्षा, आणि मग तुझे सुरू होतात. बाही. कॉलर. उसवलेला खिसा. एका बाईंच्या ड्रेसची मागून घेतलेली चेन. धड माणूस एकही नाही. त्याला भिंतीच्या आतलं दिसायचं, तुला शिवणीच्या आतलं. तुमचं लग्न टिकलं यात नवल ते काय.

त्याचा चेहरा कुठेच नाही. सगळे दोनदा पाहिले. फक्त त्याने काढलेल्या शेवटच्या फोटोत, रिक्षाच्या आधीच्या, एका कडेला त्याचा अंगठा आला आहे. नख काळं पडलेलं, हातोडी लागलेलं. शपथेवर सांगते, त्याचाच आहे. त्या अंगठ्याखाली कसली तरी पिवळी पट्टी दाबून धरली आहे, पाइपच्या कडेने खाली सोडलेली. कुणाचं घर ते कळलं नाही. मी तो फोटो ठेवून घेणार होते. मग वाटलं, अंगठ्यावर तुझा हक्क जास्त आहे.

आणि आता मी तुझी आज्ञा मोडून बोलते. किल्ली देऊ नकोस. तू दुकानात नसलीस तर माझा दादा अजून एकदा गेल्यासारखं होईल. मला माहीत आहे हे स्वार्थी आहे. पण मी काही शहाणपणा सांगत नाही, हट्ट करते आहे. धाकटी आहे, तेवढा हक्क आहे मला.

नणंद

*

१ एप्रिल

लाडके,

तारखेवर जाऊ नकोस, सगळं खरं आहे.

तुझं पाकीट ३० ला दुपारी आलं. दुकान झाडायला निघाले होते, म्हणून ते तसंच पिशवीत टाकलं आणि दुकानात स्टुलावर बसून उघडलं. तुझं ऐकलं, आधी पत्र वाचलं. पाइप पाहून मलाही हसू आलं, एकटीच मोठ्याने हसले, शटर अर्धं उघडं असल्याने ब्रेडवाला डोकावून गेला. मग त्याचा शेवटचा फोटो हातात आला.

ती पिवळी पट्टी माझा टेप आहे ग.

अंगठा मी नंतर पाहिला. आधी टेप पाहिला, मग त्याच्या वर भिंतीवरचा विजेचा बोर्ड, एका बाजूला कललेला, ज्यावर मी वर्षानुवर्षं टाचण्यांची उशी अडकवत आले. मान वर केली तर समोर तोच बोर्ड. फोटोत त्याच्याखाली भिंत फोडलेली, आणि आत पाइप. प्रत्यक्षात त्याच्याखाली पोपटी रंग.

मी गळक्याकडे गेले. धावत गेले असं केशकर्तनालयवाला म्हणतो, मला आठवत नाही. गळक्याने फोटो खिडकीशी नेला, तिरका केला आणि म्हणाला, ‘जॉइंट बघा. काय मारलाय!’ आणि छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या आधी दुकानात पोचला. टेप फोटोत जिथपर्यंत पोचत होता तिथे त्याने हात ठेवला, ठोकून पाहिलं, आणि बेताने प्लास्टर काढलं. पाइप तिथेच होता. तोंडाला बूच लावून, नीट, वाट बघत.

आणि पाइपच्या मागे, प्लास्टरमध्ये चिकटलेला, माझा टेप. मोजायला लावला आणि तसाच लिंपून टाकला गाढवाने! शपथ खरी होती. त्याने नेला नव्हता, भिंतीत गाडला होता आणि विसरला होता. मी टेप हातात घेतला आणि त्याला इतक्या शिव्या दिल्या की गळक्या छिन्नी ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. मग रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्याशी भांडणात हरले होते आणि तेही मला आवडलं.

मागच्या बोळातल्या लाइनवरून त्याने जोडणी करून ठेवली होती, नुसता व्हॉल्व्ह बंद. तू पाय मोडून घेतलास त्या महिन्यात. वरून भलता रंग, म्हणजे मी रंगावर ओरडत बसेन आणि भिंतीकडे बघणार नाही. ओळखून होता मला. फक्त नळ यायचा राहिला असेल. तो आला आणि बसवायच्या आत हा गेला.

मी घरी जाऊन पिशवीतून नळ आणला. बदकमानी. गळक्याने बसवला, आटे पहिल्याच फेऱ्यात बसले. मग बोळात जाऊन व्हॉल्व्ह उघडला. नळ आधी खोकला, मग लालसर पाणी थुंकला, मग स्वच्छ धार लागली. खाली मी कॅन ठेवला होता. बरोबर मावला. एक थेंबही गळला नाही आणि याचं श्रेय कुणाचं यावर गळक्याने वाद घातला नाही, ही त्याची माणुसकी. मोठा पान्हा सोडून बाकी अवजारं त्याला देऊन टाकली.

मालक ३१ ला आला. मी किल्लीऐवजी त्याला चहा दिला. पोपटी भिंत बघून तो म्हणाला, ‘हा रंग?’ म्हटलं, राहणार आहे.

दुपारी सायकलची घंटा अजून ऐकू येते. पण आता ऐकू आली की मी उठून नळ सोडते आणि इस्त्रीत पाणी भरते. हात रिकामा राहत नाही.

आता तुझं. पासपोर्ट फोटोवाल्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की या कॅमेऱ्याला व्यायाम-बियायाम काही लागत नाही, वर्षानुवर्षं पडून असतात आणि चालतात, आणि मनात आणलं तर बाई, तासाभरात रोल संपवाल. मी म्हटलं, गप्प बसा, माझी नणंद मेहनतीने थापा मारते आहे. बागेतला हिरवा उजेड! कुणी बोलायला आलं तर बोलू द्यावं! अग, गाडी शिकणाऱ्यालाही कळतं की शेजारी बसलेली आपल्या पायाखालचे ब्रेक दाबते आहे. मला कळत होतं. चालायला आवडत होतं, म्हणून बोलले नाही. बोलले असते तर चालणं बंद करावं लागलं असतं.

फोटोवाल्याच्या दारावरची चिठ्ठी काल काढून टाकली. त्याने विचारलं, ‘मिळालं का गिऱ्हाईक?’ म्हटलं, मिळालं. खूणही पटली.

कॅमेऱ्यात नवा रोल घातला आहे. पहिला फोटो तुझा काढायचा आहे, आणि या वेळी बाहीचा नाही. तेव्हा ये. घरी सामान टाकायलाही जाऊ नकोस, तडक दुकानात ये. चहा इथेच करू. पाणी आहे.

तुझी,
वहिनी